गडावरचं टाकं उपसायला यायचंय? मग आधी हे वाचा

मार्च उजाडला की ऑफिसातलं कोणीतरी विचारतंच, अगं तू ते रविवारी किल्ल्यावर जाऊन चिखल काढतेस ना, आम्हाला पण यायचंय, काय काय लागतं. मग मी डबा खाता खाता अर्धा तास बोलते, समोरचा माना डोलावतो, आणि रविवारी पहाटे नवे कोरे पांढरे शूज घालून स्टेशनवर हजर होतो. संध्याकाळी त्या शूजचं काय होतं ते सांगायला नको. म्हणून या वेळी एकदाच बसून सगळं लिहून काढते, पुढच्या वर्षी नुसतं पाठवून देईन.

तर आधी काम काय ते. सह्याद्रीतल्या जवळजवळ प्रत्येक किल्ल्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. गडावर नदी नाही, विहीर पाडायची सोय क्वचितच, त्यामुळे चार महिन्यांचा पाऊस धरून ठेवायचा आणि उरलेले आठ महिने त्यावर काढायचे असा सरळ हिशेब. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात पण हेच आहे की किल्ला बांधायच्या आधी पाणी बघा, नसेल तर खडक फोडून टाकी-तळी करा. खोदताना निघालेला दगड तटाला वापरला, म्हणजे एका मेहनतीत दोन कामं. माणसं होती तोवर ही टाकी दरवर्षी साफ होत होती. गड ओस पडले, वरची माती, पालापाचोळा, ढासळलेले दगड आणि आता आपल्या कृपेने प्लास्टिकच्या बाटल्या, सगळं आत जाऊन बसलं. काही टाकी तर इतकी भरलीत की वर गवत उगवलंय आणि खाली टाकं आहे हे कळतच नाही, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. हा गाळ हाताने काढायचा आणि टाकं परत पाणी धरेल असं करायचं, एवढंच काम आहे. ऐकायला.

बरेच जण ट्रेक समजून येतात. ट्रेक नाही हा. कित्येकदा आम्ही माथ्यावर जातच नाही, अर्ध्या वाटेवरच्या टाक्यापाशी दिवस जातो आणि तिथूनच उतरतो. बालेकिल्ला बघायचा असेल तर वेगळ्या रविवारी जा.

यायच्या आधी एक काम मात्र नक्की करा, कान्हेरीला जाऊन या. हसू नका. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आपण शाळेच्या सहलीला जाऊन आलेलो असतो, बुद्धमूर्ती बघितलेली असते, माकडांनी वेफर्स पळवलेले असतात, पण पाणी कोणी बघत नाही. तिथे शंभराच्या वर लेणी आहेत आणि बहुतेक लेण्यांच्या दारात स्वतःचं टाकं आहे. शिलालेखात त्याला पोढी म्हटलंय, कोणी दान दिली तेही कोरलंय. वरच्या कातळात बोटभर, कुठे वीतभर रुंदीच्या चऱ्या खोदल्यात, त्यातून पाणी फिरत फिरत टाक्यात येतं, एक टाकं भरलं की पुढच्याकडे जातं. जुलैत पाऊस चालू असताना जा म्हणजे सगळी यंत्रणा चालू असलेली दिसते. सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. आणि तिथे फक्त बघायचं, केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे, एक पान पण उचलायला जाऊ नका.

कान्हेरीचं एवढं का सांगतेय, तर माझ्या पहिल्या मोहिमेची गोष्ट. आम्ही बावीस जण होतो, दिवसभर मरमर मरून एक मध्यम टाकं तळापर्यंत रिकामं केलं, फोटो काढले, घोषणा दिल्या, खाली येऊन पिठलं-भाकरी हाणली. गाळ टाकला कुठे, तर टाक्याच्या वरच्या अंगाला, कारण तिथे मोकळी जागा होती आणि लांब न्यायचा सगळ्यांना कंटाळा. ऑगस्टमध्ये दोघी-तिघी मुद्दाम बघायला गेलो तर आमचाच गाळ धो धो पावसात वाहून परत आमच्याच टाक्यात. त्यात वरची जुनी चर मातीने बुजलेली, त्यामुळे चांगलं पाणी भलतीकडून निघून चाललेलं आणि टाक्यात येत होता फक्त चिखल. त्या दिवसापासून मी टाक्याकडे बघायच्या आधी टाक्याच्या वर बघते. पाणी कुठून येतं, कुठून जातं, माती कुठून येते. हे कळलं नाही तर तुम्ही दरवर्षी तोच गाळ उपसत बसाल.

आता कोणाबरोबर जायचं. एकट्याने किंवा चार मित्रांनी ठरवून फावडं घेऊन जायचं नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. सह्याद्री प्रतिष्ठान, दुर्गवीर प्रतिष्ठान, वसईकडे किल्ले वसई मोहीम अशी मंडळी वर्षानुवर्षं या कामात आहेत, शिवाय भांडुप, डोंबिवली, विरार, लालबाग, जिथे बघाल तिथे छोटे छोटे ग्रुप आहेत. मोठा ग्रुप चांगला आणि छोटा वाईट असं काही नसतं. मी तीन गोष्टी विचारते. एक, परवानगी कोणाची आहे. दोन, गेल्या वर्षी जिथे काम केलं तिथे या वर्षी परत गेलात का. तीन, गाळात काही सापडलं तर काय करता. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा गडबडला किंवा "आमच्या ऑफिसात ठेवलंय बघायला या" म्हणाला तर नमस्कार करून बाजूला व्हा.

परवानगीचं जरा नीट समजून घ्या, कारण यात भले भले गोंधळतात. काही किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, त्यांना १९५८ चा कायदा लागू, पायथ्याला किंवा दरवाज्यापाशी निळा बोर्ड दिसतो. त्यांचं मुंबई मंडळाचं ऑफिस आपल्या सायनच्या किल्ल्यातच आहे. काही राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे, त्यांना १९६० चा कायदा, आणि ते ऑफिस सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज किल्ल्यात. उरलेले बरेचसे कोणाच्याच यादीत नाहीत, पण जमीन वन खात्याची किंवा महसूलची असते, म्हणजे वनक्षेत्रपालांचं पत्र लागतं, आणि अभयारण्य असेल तर नियम अजून कडक. कर्नाळा किल्ला पक्षी अभयारण्यात आहे, माहुलीचा तानसा अभयारण्यात. हे सगळं ग्रुपवाल्यांनी करायचं असतं, तुम्ही फक्त पत्र बघायला मागा, त्यात लाजू नका. पत्रावर "स्वच्छता" लिहिलंय की "गाळ काढणे" हे पण वाचा, दोन्हीत खूप फरक आहे. नुसत्या स्वच्छतेच्या पत्रावर फावडं चालवलं तर ते उत्खनन होतं, आणि गावातल्या कोणी तक्रार केली तर सगळेच अडकतात. २०२५ मध्ये नाही का, शिवरायांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड, खांदेरी वगैरे अकरा आपले आणि जिंजी तमिळनाडूतला, त्यानंतर उत्साहाला उधाण आलंय. पण त्या किल्ल्यांवर तर अजिबात परस्पर काही करायचं नाही. काम हवंच असेल तर ज्याचं नाव कोणी घेत नाही असे शंभर किल्ले पडलेत.

पैशाचं पण बोलते. एका दिवसाच्या मोहिमेला प्रवास आणि जेवणाची वर्गणी काढतात, ते ठीकच आहे. वेगळी देणगी मागितली तर पावती घ्या, संस्थेचा नोंदणी नंबर बघा. ट्रस्ट असेल तर वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात नोंद असते. ८०जी, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळायची सोय, आहे का तेही विचारा. नुसत्या एखाद्या दादाच्या नंबरवर पैसे पाठवू नका, दादा कितीही भला असला तरी.

हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो पण गाळ काढायला खरे महिने मार्च, एप्रिल आणि मेचे पहिले आठवडे, कारण पाणी तळाला गेलेलं असतं. ऊन असतं, हो. म्हणूनच पहाटेची लोकल. माहुलीला आसनगाव, पेबला नेरळ, तांदुळवाडीला सफाळे, काळदुर्गला पालघर, कर्नाळ्याला पनवेल, म्हणजे मध्य, पश्चिम, हार्बर कोणालाच तक्रारीला जागा नाही. गोरखगडासारखं असेल तर कल्याणहून मुरबाडची एसटी आणि पुढे जीप. शनिवारी रात्री मेगाब्लॉक बघून ठेवा, परतीची गाडी ब्लॉकमध्ये सापडली की चिखलाने माखलेल्या वीस जणांना फलाटावर दोन तास बसावं लागतं आणि लोक आपल्याकडे बघून पोरांना जवळ ओढतात, अनुभव आहे.

सामान थोडं आणा. फावडी, घमेली, टिकाव, पहार, दोरखंड ग्रुपचं असतं. तुम्ही आणायचं म्हणजे जुने पण तळ चांगले असलेले बूट, फुल बाह्यांचा सुती शर्ट, हार्डवेअरवाल्याकडे मिळतात ते रबराचे हातमोजे (बागकामाचे नाजूक नकोत, तासाभरात फाटतात), टोपी, डोक्याला लावायची बॅटरी, कमीत कमी तीन लिटर पाणी, मीठ-साखर किंवा इलेक्ट्रॉल, आणि कपड्यांचा एक पूर्ण जोड पिशवीत. तो जोड खाली गावात ठेवून जा. परफ्यूम, डिओ काही मारू नका. आग्या मोहोळ असतं, कर्नाळ्याच्या सुळक्याला तर असतंच, आणि वास, धूर, आरडाओरडा यातल्या कशानेही ते उठू शकतं. उठलं तर पळायचं, तोंड झाकायचं, हातवारे करायचे नाहीत. म्हणून वर ढोल-ताशे आणि फटाके नेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

तब्येतीचं म्हणाल तर जिम नको. आठवडाभर आधी बिल्डिंगचे जिने दोन अर्ध्या बादल्या घेऊन चढा-उतरा, लिफ्ट विसरा. शेजारी विचारतील पाणी नाही आलं का, हो म्हणा.

पायथ्याला पोचलं की आधी गाव. हे मी प्रत्येक वेळी सांगते आणि प्रत्येक वेळी नवीन पोरं सरळ गडाकडे सुटतात. बहुतेक ठिकाणी ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांचे पाडे आहेत, आणि ते टाकं तुमच्यासाठी ऐतिहासिक असेल, त्यांच्यासाठी एप्रिलमध्ये गुरांना पाणी पाजायची जागा असू शकते. कधी वरच्या देवाचं पाणी असतं. तुम्ही गाळ काढायच्या नादात उरलंसुरलं पाणी सोडून दिलंत तर दोन महिने त्यांची गुरं कुठे जाणार? एकदा एका आजोबांनी आम्हाला सरळ सांगितलं, ते नको, त्याच्या वरचं घ्या, ते माझ्या बापाच्या काळापासून कोरडं आहे. आम्ही त्यांचं ऐकलं आणि तेच बरोबर निघालं, वरचं टाकं साफ झाल्यावर खालच्याला पाणी जास्त टिकायला लागलं, कारण वरचं भरून मगच खाली येतं. गावातल्या दोघांना तरी बरोबर घ्या, त्यांची दिवसाची मजुरी द्या, फुकट मदतीची अपेक्षा ठेवू नका, त्यांचा रविवार पण रविवारच असतो. जेवण गावातच सांगा. बायका-मुलींसाठी अजून एक, वर आडोसा असेलच असं नाही, तर खाली ज्या घरी जेवण सांगितलंय तिथल्या मावशींना विचारून निघायच्या आधी सगळं उरकून घ्या, आणि ग्रुपमध्ये किमान चार-पाच जणी असतील याची आधीच खात्री करा. मी पहिल्या दोन वर्षांत हे विचारायला लाजले, उगाच.

आता प्रत्यक्ष टाक्यापाशी.

पोचल्यावर फावडं खाली ठेवा. पंधरा मिनिटं फक्त फिरा. चारही बाजूंनी फोटो काढा, एका दगडावर उभं राहून एक फोटो असा काढा की संध्याकाळी आणि पुढच्या वर्षी त्याच दगडावरून परत काढता येईल. लांबी-रुंदी मोजा. दोरीला हाताहातावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा, पाणी आणि गाळ किती खोल ते बघा. काठावर गोल किंवा चौकोनी खळगे दिसतात का बघा, त्यात लाकडी खांब रोवून वर सावली करत असावेत म्हणजे पाणी उन्हाने कमी उडतं. उतरायला खोबण्या असतात, काही टाकी आतून खांब ठेवून पोकळ खोदलेली असतात. मग टाक्याच्या वर जा आणि ती चर शोधा. खुरपं आणि खराट्याने माती हलकी बाजूला केली की बऱ्याचदा सापडते, आणि सापडली की असा आनंद होतो की विचारू नका, लहान मुलांना वाळूत शंख सापडल्यासारखा. माझ्या हातात असेल तर सकाळचा पहिला तास सगळ्यांना चरीवरच लावते. कुरकुर होते. टाक्यात उतरून चिखलात हात घातल्याशिवाय लोकांना काम केल्यासारखं वाटत नाही, फोटो पण चांगले येत नाहीत.

पाणी असेल आणि गावाने हो म्हटलं असेल तर ते काढायला पंप वर चढवायची गरज नाही. गडावर उतार फुकट मिळतो. काळ्या पाइपचं एक इंची भेंडोळं न्या, पाइप पूर्ण पाण्याने भरा, दोन्ही तोंडं अंगठ्याने दाबून धरा, एक तोंड टाक्यात बुडवा, दुसरं उतारावर टाक्याच्या तळापेक्षा खाली न्या आणि मग सोडा. पाणी आपोआप काठ चढून बाहेर येतं आणि येतच राहतं. आतल्या तोंडाला जुनं फडकं बांधा नाहीतर गाळाने चोंदतं. पाइपमध्ये हवा राहिली तर चालू होत नाही, मग परत भरा, दोन-तीनदा फजिती होते. आणि काढलेलं पाणी दरीत सोडू नका, खालच्या टाक्यात सोडता आलं तर उत्तम. मासे, बेडूक, खेकडे असतात, ते बादलीने आधी शेजारच्या टाक्यात हलवा.

मग गाळ. इथे एकदा हिशेब करून दाखवते म्हणजे घाई का करायची नाही ते कळेल. टाकं समजा ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि गाळ १ मीटर. म्हणजे ६ घनमीटर. ओल्या गाळाचं वजन धरलं तर दहा टनाच्या आसपास. एका घमेल्यात दहा-बारा किलो, त्याच्या वर भरूच नये. म्हणजे आठशेच्या वर घमेली. वीस माणसं असली तरी एका दिवसात होईलच असं नाही आणि नाही झालं तर काही बिघडत नाही, अर्धवट सोडून पुढच्या रविवारी या. ज्या ग्रुपला "आज संपवायचंच" असं भूत लागतं तिथेच कोणाची पाठ जाते नाहीतर कोणाच्या पायावर पहार पडते.

साखळी करायची. दोन हात लांब केले की समोरच्याचे हात लागतील इतक्या अंतरावर उभं राहायचं, तोंड अर्धवट एकमेकांकडे, आणि घमेलं द्यायचं, फेकायचं नाही. भरलेली एका बाजूने, रिकामी दुसऱ्या बाजूने. पाठ वाकवून उचलू नका, गुडघे वाकवा. दर वीस मिनिटांनी जागा बदला आणि टाक्यात उतरलेल्यांना सगळ्यात आधी बाहेर काढा, तिथे हवा कमी आणि ऊन जास्त. खोल टाक्यात दोरी-बादली लावली तर बादलीच्या खाली कोणीही उभं राहायचं नाही, कोणीही म्हणजे कोणीही. गाळ लांब न्यायचा असेल तर डोक्यावर चुंबळ ठेवून नेणं हातात नेण्यापेक्षा सोपं जातं, गावातल्या ताई दोन मिनिटांत शिकवतात आणि आपली फजिती बघून मनसोक्त हसतात.

गाळ कुठे टाकायचा ते आता तुम्हाला माहितीये. टाक्याच्या खालच्या अंगाला, पायवाट सोडून, दुसऱ्या टाक्याच्या किंवा चरीच्या वाटेत येणार नाही असा. आणि टाकताना पसरून बघायचा. प्रत्येक घमेलं. दोन माणसं फक्त याच कामाला बसवा, शक्यतो ज्यांचं गुडघ्याचं दुखणं आहे अशांना, ते मन लावून करतात. खापरं, लोखंडाचे तुकडे, कधी तोफगोळा, क्वचित नाणं. सापडलं की हात थांबवायचा, ज्या जागी आणि जितक्या खोलीवर मिळालं तिथला फोटो, वहीत नोंद, आणि ज्या खात्याची परवानगी आहे त्यांना कळवायचं. धुवायचं, घासायचं नाही, खिशात तर अजिबात टाकायचं नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे, जमिनीत सापडलेली दहा रुपयांच्या वरची मौल्यवान वस्तू कलेक्टरला कळवावी लागते. घडीव दगड निघाले तर ते बाजूला ओळीने ठेवा, ते तटाचे किंवा दरवाज्याचे असू शकतात, त्यांची चूल करू नका. हो, केलेली बघितलीये.

काय करायचं नाही याची यादी खरं तर करायच्या यादीपेक्षा मोठी आहे. टाक्याला तडा दिसला म्हणून सिमेंट भरू नका, जुन्या दगडाला सिमेंट चिकटत नाही, उलट पाणी अडून बाजूचा दगड फुटतो. तारेचा ब्रश नको, विशेषतः काठावर अक्षरं किंवा कोरीव काही असेल तर. चुना फासू नका, ऑइल पेंटने नावं आणि बाण काढू नका, ब्लिचिंग पावडर ओतू नका. भिंतीत पिंपळ, उंबर वाढलेला असेल तर ओढून उपटू नका, मूळ दगड घेऊनच बाहेर येतं, वरून छाटा आणि खात्याला सांगा. आणि यंत्र नको. २०२४ मध्ये आपल्या वाळकेश्वरच्या बाणगंगेत गाळ काढायला यंत्र उतरवलं आणि पायऱ्यांची मोडतोड झाली, मुंबईच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिथे हे होतं तर गडावर कोण बघायला येणार. घमेलं हळू आहे म्हणून बरं आहे, दगडाला लागायच्या आधी हाताला कळतं.

धोक्यांचं एकदाच सांगते, घाबरवायला नाही. गाळाच्या कडेला, दगडाखाली फुरसं, घोणस, विंचू असतात, म्हणून हात घालायच्या आधी काठीने हलवायचं. आतून पोकळ खोदलेल्या खांब टाक्यात छताखाली जाऊ नका, गाळ ढवळला की कुजका वायू सुटतो. डोकं जड झालं, मळमळलं की लगेच बाहेर. आणि आत कोणी कोसळलं तर त्याला वाचवायला दुसऱ्याने उडी मारायची नाही, आधीच कमरेला दोरी बांधलेली असेल तर वरूनच ओढता येतं, म्हणून दोरी बांधूनच उतरवायचं. बाहेरचा एक माणूस फक्त आतल्यांवर नजर ठेवायला. अंगावर जखम असेल तर त्या दिवशी टाक्यात उतरू नका, चरीवर बसा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा की मी साचलेल्या चिखलात काम केलंय, लेप्टोची (घाण पाण्या-चिखलातून होणारा ताप, लेप्टोस्पायरोसिस) शंका त्यांच्या डोक्यात यायला हवी. दुपारी बारा ते तीन सावलीत बसा. कोणी हिरो बनत असेल तर त्याला लिंबू सरबत करायला बसवा.

उतरायला साडेचारला सुरुवात. हत्यारं मोजून घ्या, एक विळा नेहमी कमी भरतो आणि नेहमी कोणाच्या तरी बुडाखाली सापडतो. प्लास्टिक गोण्यांत भरून खाली आणा, गावात टाकून येऊ नका, स्टेशनपर्यंत घेऊन या. त्या दगडावरून संध्याकाळचा फोटो. आणि वहीत लिहा, किती घमेली निघाली (साखळीच्या टोकाला एकाने खडे टाकत मोजायची), किती खोल गेलो, चर किती मोकळी झाली, काय राहिलं. वही नसेल तर पुढच्या वर्षी येणारे परत शून्यापासून सुरू करतात.

सोमवारी अंग बोलतं. खांदे आणि मांड्यांपेक्षा बोटं जास्त दुखतात, कीबोर्डवर कळतं. कपडे घरातल्या मशीनमध्ये टाकायच्या आधी बादलीत दोनदा खळबळून घ्या नाहीतर आईशी संबंध बिघडतात.

आणि मग जुलैत एकदा परत जा, काम म्हणून नाही, तपासायला. तीन-चार जणंच, गावातला एक बरोबर, आणि वाट निसरडी वाटली तर मागे फिरा, टाकं कुठे पळून जात नाही. छत्री नेऊ नका, वाऱ्यात उलटी होते. चरीपाशी उभं राहून बघा पाणी तिच्यातूनच येतंय का, कुठे फुटून बाजूला जातंय का, येणारं पाणी गढूळ आहे की नितळ. गढूळ असेल तर वर कुठेतरी माती सुटतेय, ती जागा शोधून तिथे दगडांचा छोटा बांध घालता येतो, अर्थात परवानगीत बसत असेल तर. आम्ही त्या पहिल्या टाक्यावर तिसऱ्या वर्षी असा गुडघ्याएवढा बांध घातला. मागच्या मेमध्ये गाठींची दोरी सोडली तेव्हा पाणी चार हात होतं आणि त्याच्या खाली गाळ चार बोटं. नितळ होतं पण पिऊ नका म्हटलं तरी ग्रुपमधल्या एकाने ओंजळभर प्यायलंच, आणि बुधवारी ऑफिसला दांडी मारली.